रुळावरून बॉनला

२०२४ च्या भीमजयंतीला आम्ही तिघे नागपूरकर लंडनला होतो. एक आम्ही, काळा कोट घालणारे. दुसरे आमचे प्राध्यापक मित्र. तिसरे अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना सारी वस्ती नुसते 'भाऊ' म्हणते. जयंती आटोपून पुढे जर्मनीत बॉनला जावयाचे होते. तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी छोटी सभा ठेवली होती. शिवाय ज्या बॉन विद्यापीठात बाबासाहेबांनी नाव नोंदविले, ते एकदा डोळ्यांनी पाहावे ही आमची लॉ कॉलेजच्या दिवसांपासूनची इच्छा. लंडन ते कोलोन अशी स्वस्तातल्या विमानाची तिकिटे नागपूरला असतानाच काढून ठेवली होती.

पण मुंबईहून लंडनला येताना भाऊंना सर्दी होती. विमान खाली उतरू लागले तसा त्यांचा कान असा बसला की रात्रभर ते डोके धरून बसले. लंडनमधल्या आपल्याच एका डॉक्टरताईंनी कान तपासला आणि बजावले, पडद्याला सूज आहे, आठ-दहा दिवस विमानाचे नाव काढायचे नाही. आता आली पंचाईत! आम्ही आणि प्राध्यापक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. भाऊ मात्र निवांत. म्हणाले, "वकीलसाहेब, इथं रेल्वे नाही का? छत्तीस वर्षं जिची भाकर खाल्ली, तिच्यानंच जाऊ ना."

असे आम्ही विमान सोडून रुळावर आलो.

तिकिटांचे पाहू गेलो तर पहिला धक्का बसला. विमानाचे पैसे बुडालेच होते, कारण ती तिकिटे परत न होणारी. वर ऐनवेळी काढलेले रेल्वेचे तिकीट विमानाच्या तिपटीहून महाग. जमिनीवरून जाणारा माणूस आकाशातून जाणाऱ्यापेक्षा जास्त पैसे मोजतो, हा काय न्याय? आमच्यातला वकील जागा झाला. १९४४ च्या शिकागो कराराचे कलम २४ असे आहे की, एका देशाचे विमान दुसऱ्या देशात उतरले तर त्याच्या टाकीत असलेल्या इंधनावर त्या देशाने कर लावू नये. पुढे देशादेशांनी आपापसात करार करून ही सवलत नव्याने भरलेल्या इंधनापर्यंत नेली. युरोपीय संघाच्या २००३ च्या ऊर्जाकराच्या निर्देशातही विमानाच्या इंधनाला सूट आहे. रेल्वे मात्र रूळ वापरल्याचे भाडे भरते, बोगद्यातून गेल्याचे वेगळे भरते, आणि अनेक देशांत विजेवरचा करही भरते. भाऊंना हे समजावून सांगितले तर ते म्हणाले, "म्हंजे जो उडते त्याले माफी, अन् जो भुईवर चालते त्याले पट्टी!" एवढ्या मोठ्या कराराचा इतका नेमका अर्थ आम्हाला कोर्टातही कधी सांगता आला नसता.

ज्यांना जावयाचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. हेच तिकीट दोन-तीन महिने आधी काढले तर निम्म्याहून कमी पैशात मिळते. ज्यांना तेही परवडत नाही अशी आपली मुले रात्रभराच्या बसने जातात. ती बस गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीवर किंवा आगगाडीवर चढून समुद्र ओलांडते आणि सकाळी उतरवते. पाठ मोडते, पण पैसे वाचतात.

निघायच्या दिवशी सकाळी दहा, किंग हेन्रीज रोड या घरी जाऊन वंदन केले. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब याच घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून आणि स्थानिक नगरपालिकेने परवानगी नाकारल्यामुळे स्मारकच अडचणीत आले होते. २०२० मध्ये अपिलात निकाल लागला आणि घर वाचले. या घरापासून सेंट पँक्रास हे आंतरराष्ट्रीय स्टेशन फार दूर नाही. भाऊंना चालत जायचे होते, पण पिशव्या होत्या म्हणून बस धरली.

सेंट पँक्रासला गाडीत बसण्यापूर्वीच परदेशाची सीमा लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. विमानतळावर असते तशी सामानाची तपासणी होते आणि मग लंडनमध्येच फ्रान्सच्या पोलिसांनी पासपोर्टवर शिक्का मारला. आमच्याकडे शेंजेन व्हिसा जर्मनीचा, गाडी ब्रुसेल्सची, शिक्का फ्रान्सचा! ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि हा वेगळा, हे आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावे. लंडनला शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही पलीकडे जायचे तर शेंजेन व्हिसा काढावाच लागतो. त्या व्हिसासाठी आम्हाला विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागली होती. तीस हजार युरोचा विमा, बँकेचे उतारे, निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट, सारे जोडले. भाऊंनी पेन्शनचे पासबुक जोडले आणि वर, न मागता, रेल्वेच्या सेवेचे प्रमाणपत्रही जोडले.

गाडी सुटली. अर्ध्या-पाऊण तासात केंट परगण्याची हिरवी शेते मागे पडली आणि एकदम अंधार झाला. इंग्लिश खाडीखालचा हा बोगदा मे १९९४ मध्ये सुरू झाला. लांबी पन्नास किलोमीटरहून थोडी अधिक, त्यातले सुमारे अडतीस किलोमीटर समुद्राच्या तळाखाली. वीस मिनिटांत आम्ही फ्रान्समध्ये होतो. भाऊंनी या वीस मिनिटांत आम्हाला एक शब्द बोलू दिला नाही. ते गाडीचा आवाज ऐकत होते! बाहेर आल्यावर म्हणाले, बोगद्यात तार पंचवीस हजार व्होल्टची, आपल्या नागपूरसारखीच. पुढे बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर तीन हजार व्होल्ट डीसी आणि जर्मनीत पंधरा हजार व्होल्ट, तेही वेगळ्याच फ्रिक्वेन्सीचे. एकच गाडी सगळे पचवते. पूर्वी मुंबईकडे डीसी आणि इगतपुरीपुढे एसी होते, तेव्हा गाड्यांचे इंजिन इगतपुरीला बदलावे लागे, हे त्यांनी आम्हाला रंगवून सांगितले.

बाबासाहेबांच्या वेळी हा बोगदा नव्हता. लंडनहून ऱ्हाईन नदीकडे जायचे तर आगगाडीने डोव्हर, तिथून बोटीने बेल्जियमचे ऑस्टेंड आणि पुन्हा आगगाडीने ब्रुसेल्स, लिएज, आखेन, कोलोन, हा एक रुळलेला मार्ग होता. आज तीन तासांत ब्रुसेल्स ओलांडून जाता येते. तेव्हा दिवस मोडत असे. बाबासाहेबांची शिक्षणाची आणि परिषदांची सारी वर्षे अशा बोटींत आणि आगगाड्यांत गेली आहेत. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, तेव्हा ते फ्रान्सचे मार्सेल्स बंदर गाठून 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या वेगळ्या बोटीने पाठविले होते, ती बोट पाणबुडीने बुडविली, आणि जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. १९३० साली गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबरला 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने निघाले ते १८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. म्हणजे दोन आठवडे. पुढच्या वर्षी 'मुलतान' बोट, पुन्हा दोन आठवडे.

या दोन आठवड्यांत ते काय करीत? १९३२ च्या नोव्हेंबरात तिसऱ्या गोलमेज परिषदेला ते 'व्हिक्टोरिया' बोटीने निघाले होते. पुणे करार होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. बोट पोर्ट सैदला येत असता त्यांनी ठक्करबाप्पांना एक लांब पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारण करू म्हणणाऱ्या नव्या संघाने सर्वांत आधी काय करावे, ते त्यात सांगितले आहे. देवळांची गोष्ट नाही. गावच्या विहिरीचे पाणी, गावची शाळा, गावची चावडी आणि सार्वजनिक वाहनांचा वापर, हे नागरी हक्क मिळवून देण्यासाठी देशभर मोहीम उघडा, असे ते म्हणतात. वाचकांनी विचार करावा. आलिशान बोटीवर बसलेला बॅरिस्टर, जगाच्या राजधानीकडे निघालेला, त्याला आठवते काय, तर आपल्या माणसाला गाडीत बसू देत नाहीत!

का आठवणार नाही? १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ती चार लेकरे मसूर स्टेशनवर उतरली. अंगात नवे कपडे. आगगाडीने त्यांना आणले, कारण आगगाडीला जात कळत नव्हती. स्टेशनमास्तरला कळली, आणि मग एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. दुप्पट भाडे कबूल करून, गाडी स्वतः हाकून, रात्रभर पाण्याच्या घोटाविना ती मुले निघाली. गाडीवान विटाळ नको म्हणून पायी चालला. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्याने बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या माणसाला टांगा हाकता येत नव्हता, तरी त्याने लगाम धरला, आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचे हाड मोडले. हे सारे ज्या छोट्या आत्मकथनात आहे, त्याला त्यांनी नाव दिले आहे 'व्हिसाच्या प्रतीक्षेत'. आम्ही हे नाव शंभरदा उच्चारले असेल. पण त्यातल्या बहुतेक हकिकती प्रवासाच्या आहेत, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली ती पासपोर्टवर ताजा शिक्का घेऊन त्या गाडीत बसलो तेव्हा.

ब्रुसेल्सला गाडी बदलली. जर्मनीच्या गाडीत आमच्या समोर एक मराठी कुटुंब आले. पुण्याकडचे, नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये स्थायिक. आमचे मराठी ऐकून बाईंना भरून आले. त्यांनी घरचा चिवडा काढला, आम्ही चपाती-ठेचा काढला. लिएजचे ते प्रचंड काचेचे स्टेशन येईपर्यंत चांगली गट्टी जमली होती. मग गृहस्थांनी विचारले, "नागपूरचे म्हणजे... आडनाव काय आपलं?" भाऊंनी आडनाव सांगितले. एक क्षण शांतता. "अच्छा, अच्छा." मग गृहस्थ पावसावर बोलू लागले. चिवड्याचा डबा बंद झाला नाही, बाईंनी तर आग्रह करून आणखी वाढला, हे मुद्दाम नमूद करतो. कोणी अपमान केला असे आम्ही म्हणणार नाही. पण तो एक क्षण आपल्यापैकी प्रत्येकाला ओळखीचा आहे. हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात नेईल, हे केतकरांचे म्हणणे १९१६ सालीच बाबासाहेबांनी कोलंबियाच्या निबंधात नमूद करून ठेवले. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नाही.

आणि युरोप म्हणजे स्वर्ग, असेही कोणी समजू नये. आखेनच्या पुढे गणवेशातले दोघे डब्यात शिरले. पन्नास-साठ उतारू होते. पासपोर्ट मागितला तो आम्हा तिघांना, त्या पुणेकर गृहस्थांना आणि दाराशी बसलेल्या एका आफ्रिकी तरुणाला. बाकीच्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही. पुणेकर गृहस्थ लालबुंद झाले. "आमच्याकडे इथला रहिवासी परवाना आहे, तरी दर वेळेस हेच," असे म्हणाले. त्यांच्या रागात आम्ही पूर्णपणे सामील होतो. त्यांना मात्र त्याच डब्यात पाऊण तासापूर्वीचा तो क्षण आठवला की नाही, कोण जाणे. शेंजेन देशांत सीमेवर तपासणी नसते असे म्हणतात. आमच्या प्रवासानंतर, सप्टेंबर २०२४ पासून, जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. रेल्वेने जाणाऱ्या आपल्या मुलांनी पासपोर्ट पिशवीच्या तळाशी ठेवू नये, खिशात ठेवावा.

आमची ही गाडी कोलोनला तासाहून अधिक उशिरा पोहोचली. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही समजूत आम्ही तिथेच सोडून दिली. भाऊ मनापासून खूश झाले! पण कायदा पाहा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे साठ मिनिटांहून अधिक उशीर झाला तर तिकिटाचे पंचवीस टक्के परत मिळतात, दोन तासांवर गेला तर पन्नास टक्के. फॉर्म भरावा लागतो. आम्ही भरला.

कोलोनचे स्टेशन आणि तिथले मोठे चर्च एकमेकांना खेटून आहेत. १२४८ साली सुरू झालेले हे बांधकाम १८८० साली पुरे झाले. इथे आमची वाट पाहत होती इंदोऱ्याची एक मुलगी. बॉनला एम.ए. करते, संध्याकाळी एका बेकरीत काम करते. वडील नागपुरात बांधकामावर गवंडी. तिने दुरूनच "जयभीम काका!" अशी हाक मारली, तेव्हा फलाटावरची माणसे वळून पाहू लागली. तिच्या शिष्यवृत्तीचा हप्ता पाच महिने आला नव्हता. घरमालक जर्मन, भला माणूस, म्हणून थांबला. हा हप्ता वेळेवर मिळावा म्हणून आम्ही नागपूरला जाऊन अर्ज लिहायचे कबूल केले.

कोलोन ते बॉन साध्या गाडीने अर्ध्या तासाचे अंतर. जर्मनीने २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोचा एक मासिक पास काढला. त्यावर देशभरातल्या शहरी बस, ट्राम आणि साध्या गाड्या चालतात. पुढे त्याची किंमत वाढवली. ती मुलगी म्हणाली, "काका, हा पास आहे म्हणून मी जर्मनी पाहिली. विमानानं फिरणाऱ्या माझ्या मैत्रिणींना विमानतळंच माहीत आहेत." युरोपात आता विमान टाळा, धूर कमी करा, अशी चळवळ आहे. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वे असेल अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या बंदही केल्या. त्याला आमचा विरोध नाही. उलट मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात डोक्यावर विटा वाहणाऱ्याचाच हा प्रश्न आहे. पण पन्नास वर्षे उडून झालेल्यांनी पहिल्यांदाच विमानात बसलेल्या भाऊंना ते शिकवू नये, एवढेच.

बॉन विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुना राजवाडा. पिवळसर, लांबलचक, पुढे मोठे हिरवे मैदान. विद्यापीठ १८१८ चे. कार्ल मार्क्स इथे १८३५-३६ ला एक वर्ष विद्यार्थी होता. १९२१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी लंडनहून इथल्या प्रवेशासाठी अर्ज केला तो जर्मन भाषेत, आणि एप्रिलमध्ये त्यांचे नाव दाखल झाले. पुढे पैशाच्या आणि लंडनच्या अभ्यासाच्या ओढाताणीत इथले शिक्षण पुरे झाले नाही. १९२३ साली ते मायदेशी परतले, आणि त्यांचा रुपयावरचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. मार्क्स आणि बाबासाहेब, दोघांनी या एकाच विद्यापीठात नाव घातले होते, हे ऐकून प्राध्यापक मित्रांनी त्या मैदानातच चर्चा सुरू केली. भाऊ गवतावर आडवे झाले आणि झोपले.

संध्याकाळच्या सभेला अठरा-वीसजण होते. कायद्यावर बोलायला आम्हाला सांगितले होते. राज्यघटनेच्या कलम १९ ने देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला. परदेशी जाण्याचा हक्कही कलम २१ मध्ये येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात पक्के केले. हे सर्व आम्ही सांगितले. मग एका मुलाने विचारले, "सर, माझ्या मामाची वरात गावातून घोड्यावर जाऊ दिली नाही, ते कोणत्या कलमात?" अत्याचार प्रतिबंधक कायद्यात वाट अडविणे आणि वरातीत घोड्यावर बसू न देणे, दोन्ही गुन्हे आहेत, कलम सांगितले. फिर्याद झाली होती का, विचारले. झाली नव्हती.

परतीला भाऊंचा कान बरा झाला होता, आणि भारतात यायला आज विमानाशिवाय सोय नाही. मुंबईची ती प्रवासी बोट केव्हाच बंद झाली.

त्या वर्षी अशोक विजयादशमी १२ ऑक्टोबरला होती. १९५६ साली प्रकृती खालावलेले बाबासाहेब दिल्लीहून विमानाने नागपूरला आले, आणि लाखो माणसे आगगाडीने, बैलगाडीने, पायी आली. आजही तसेच येतात. रेल्वे विशेष गाड्या सोडते, त्या पुरत नाहीत. बॉनची ती मुलगी सुटी घेऊन दीक्षाभूमीला आली. जर्मनी ते मुंबई आठ-नऊ तास. मुंबई ते नागपूर तिचे तिकीट वेटिंगवरच राहिले, मग जनरल डब्यात संडासाच्या दाराशी बॅगेवर बसून ती चौदा-पंधरा तासांनी उतरली. भाऊ तिला घ्यायला स्टेशनवर गेले होते. हप्त्याचे विचारले, तर ती म्हणाली, दोन आले, एक राहिला.